ऊसर राखणारे टेंबेसाहेब

चांगल्या जमिनीला कुंपण घालणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. वाईट जमिनीला कुंपण घालून तिची राखण करणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला, भास्करराव टेंबे. ग्वाल्हेरला मुरारच्या पलीकडे आमचा सरकारी शेती-फार्म होता. त्याच्या अगदी टोकाला तीनेक गुंठ्यांचा एक पांढुरका तुकडा होता. उन्हाळ्यात त्यावर रेह, म्हणजे खाराची बुकटी, अशी वर यायची की लांबून पाहणाऱ्याला चुना सांडलाय असं वाटावं. महाराष्ट्रात अशा जमिनीला चोपण म्हणतात, आमच्याकडे ऊसर. त्या ऊसराभोवती टेंबेसाहेबांनी स्वतः उन्हात उभं राहून बाभळीच्या फांद्या लावून घेतल्या होत्या. गुरांसाठी नव्हेत हो, गुरं तिथं कशाला मरायला जातील? त्या फांद्या माणसांसाठी होत्या, आणि त्यातही माझ्यासारख्यांसाठी.

मी तिथं रुजू झालो तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची लहानमोठी संस्थानं मिळून मध्यभारत नावाचं राज्य नुकतंच झालेलं होतं. माझं काम माती तपासण्याचं. पदवी ताजी, लग्न ताजं, अंगात नको तितका उत्साह. पहिल्याच दिवशी तो पांढरा तुकडा दिसला आणि मी सुपरिंटेंडेंटसाहेबांसमोर ऐटीत म्हणालो, "हे काय, दोन वर्षांत सुधारून देतो. जिप्सम टाकायचं, पाणी उभं करायचं आणि खार खाली धुऊन काढायचा."

मागून आवाज आला, "हात तर लावून पाहा!"

वळून पाहिलं. उंच, वाळका, चाळिशी उलटलेला गृहस्थ. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर ग्वाल्हेरच्या 'टोपी बाजारा'तून घेतलेली काळी टोपी, एका हातात चिमटा आणि दुसऱ्यात भाताची लोंबी. "ही जमीन आजारी नाही, वैद्यबुवा," ते म्हणाले, "ती नोकरीवर आहे." त्या दिवसापासून मी जो वैद्यबुवा झालो तो कायमचा. माझं आडनाव सप्रे आहे, हे पुढं पुढं त्यांच्या घरच्यांनाही आठवत नसे.

टेंबेसाहेबांचे आजोबा, पणजोबा दरबारच्या दफ्तरात हिशेबनीस होते. घर ग्वाल्हेरच्या दाना ओली नावाच्या जुन्या गल्लीत, जिन्यावरून दोन माणसं एकदम जाऊ शकत नाहीत असं. घरचे म्हणत, वकील हो. हे निघाले शेतीशास्त्र शिकायला, आणि तिथंही गहू-हरभरा सोडून भातामागं लागले. ग्वाल्हेरला भात म्हणजे सणासुदीचं अन्न, रोज पोळी खाणारी माणसं आम्ही. पण कालवा आला, पाणी आलं, आणि कालव्याकाठच्या गावांत लोक भात लावू लागले. पाण्याबरोबर खालचा खारही वर आला. चांगली काळीभोर शेतं पाच-सहा वर्षांत पांढरी पडली. लोकांनी लावणी करावी, रोपांचे शेंडे आधी पिवळे, मग तांबूस, मग गवत जळल्यासारखं सगळं खाचर, हे दरसाल चालायचं.

अशाच एका जळलेल्या खाचरात टेंबेसाहेबांना एक हिरवा ठोंब दिसला होता. एकच. शेताचा मालक म्हणाला, "जंगली है साब, उखाड़ के फेंकने वाला था." लाल कुसळांचा, जाड, भरड दाण्याचा, कुणी ताटात घेणार नाही असा तो भात. साहेबांनी त्याच्या बुडाशी बसून जेवणाची वेळ घालवली. मग त्या ठोंबाखालची माती आणि दोन हातांवरच्या मेलेल्या रोपांखालची माती वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन आले. मी रुजू झाल्यावर पहिलं काम मला दिलं ते हेच. मी दोन्ही पुड्या तपासल्या. दोन्ही सारख्याच भिकार होत्या.

"बघा," ते म्हणाले. "रोप मेलं की आपण म्हणतो, मातीनं मारलं. कबूल. मग शेजारचं जगलं, ते कुणी जगवलं? त्याच मातीनं?"

"बियाणातच काहीतरी असणार," मी म्हणालो.

"असणार काय? आहे. आईबापांकडून आलेलं आहे. आता ते काय आहे आणि पोरांना देता येतं का, एवढंच बघायचं." एवढंच! या एवढंच्यात त्या माणसाची पुढली सगळी वर्षं गेली.

त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी होती. भाताचं फूल ज्वारीच्या दाण्याएवढं, त्यातले सहा परागकोश काढून टाकायचे, मग दुसऱ्या वाणाचा पराग वरून झटकायचा. सरकारी चिमटा होता तो बैलाच्या पायातला काटा काढायला ठीक. साहेब सरळ सराफ्यात गेले आणि जडावाचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून बारीक टोकाचा चिमटा घडवून आणला. कारागिरानं विचारलं, "किस ज़ेवर का काम है, बाबूजी?" हे म्हणाले, "धान के फूल का." तो माणूस पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत असे. संकर केलेल्या लोंबीवर घालायच्या पातळ कागदाच्या पिशव्या वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, घरी शिवत. दरबार गेला तेव्हा कचेरीतले जुने छापील कागद रद्दीत निघाले होते, त्यातला पातळ कागद यांनी उचलून आणला होता. त्यामुळे आमच्या खाचरात प्रत्येक भाताच्या डोक्यावर गेलेल्या राज्याची मोहोर असायची. वहिनी म्हणत, "दरबारात आमच्यांना कधी मोठा मान मिळाला नाही, पण भाताला मिळाला हो!"

त्या भरड लाल भाताचा आणि आमच्याकडच्या चांगल्या बारीक भाताचा त्यांनी संकर केला. पहिली पिढी ऊसरात बऱ्यापैकी उभी राहिली. दुसऱ्या पिढीत, म्हणजे नातवंडांत, खरी गंमत झाली. काही रोपं आठवड्यात मेली, काही शेवटपर्यंत हिरवीगार, आणि बाकीची मधल्यामध्ये. कुणाचे शेंडे जळाले, कुणाचं निम्मं पान, कुणी खुरटं राहून का होईना लोंबी धरली. मला वाटलं, हा तर गोंधळ झाला. साहेब मात्र लग्नघरातल्यासारखे खूश.

"अहो, एकाच गुणाचं काम असतं तर दोन ढीग पडले असते, मेलेल्यांचा आणि जगलेल्यांचा. इथं तर पायऱ्या आहेत पायऱ्या! म्हणजे या घरात कर्ती माणसं एकापेक्षा जास्त आहेत. एक जण खार मुळाशीच अडवत असेल, दुसरा आत आलेला खार म्हाताऱ्या पानांत कोंडून नवं पान वाचवत असेल. जुनी पानं जळतात आणि कोंब हिरवा राहतो, पाहिलंत ना?"

"मग हे लिहून काढा की!"

"छे छे. हे माझं म्हणणं झालं. पुरावा कुठंय?"

पुराव्यासाठी त्यांनी उभ्या राहिलेल्या नातवंडांतली चाळीस रोपं निवडली आणि प्रत्येकाचं बी वेगळं ठेवलं. एकेका रोपाच्या पोरांची एकेक ओळ लावायची, असा बेत. ज्या ओळीतलं एकूण एक रोप ऊसरात टिकेल, तिच्यात तो गुण पक्का बसला. आणि दर चार ओळींनंतर एक ओळ साध्या भाताची. तिचं काम फक्त मरायचं. ती मेली म्हणजे जमिनीनं आपलं काम चोख केलं असं समजायचं. मरायलाच पेरता म्हणून आमचा गडी मलखान या ओळीवरून फार हळहळायचा. "साब, मरबे के लाने बोत हो, पाप लगत है." साहेब म्हणायचे, "मलखान, यह न मरी तो बाकी का जीना किसको दिखाऊँगा?"

एक सांगायचं राहिलं, साहेबांना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण चुकीचा आकडा सांगितला की त्यांचा चेहरा बारीक व्हायचा. अंदाजे तीस रोपं, असं मी एकदा म्हणालो तर मला घेऊन पुन्हा खाचरात गेले आणि दोघांनी मोजली. अठ्ठावीस निघाली. "दोघं जण जगले नव्हते, वैद्यबुवा, तुम्ही उगाच जगवलेत." आणि हसले. मला मात्र तेव्हा रागच आला होता. दोन रोपांचं ते काय!

आता मूळ गोष्टीवर येतो. ती सांगायला मला आवडत नाही, पण ती सांगितली नाही तर टेंबेसाहेब कळायचे नाहीत.

छप्पन साल. मध्यभारत मोडून मोठं मध्य प्रदेश राज्य व्हायचं होतं, राजधानी भोपाळला जायची होती. कचेरीत दुसरा विषय नाही. आधीच आमची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि बाकीचे दिवस इंदूरला, फायली आगगाडीनं जायच्या-यायच्या. आता चार ठिकाणचे नोकर एका यादीत बसवायचे होते. कोण वर, कोण खाली, कोण जादा? रोज नवी अफवा. त्यात आमचा फार्म आला. कमिटी येणार, कुठलं काम चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं ते पावसाळ्याअखेर ठरवणार. ऊसराचा तुकडा कागदोपत्री 'निरुपयोगी' म्हणून लागलेला होता आणि त्यावर क्वार्टर्स बांधायचा नकाशासुद्धा तयार होता. म्हणजे साहेबांच्या हातात एकच हंगाम. चाळीस ओळींचा निकाल त्याच पावसाळ्यात लागला तर काम भोपाळच्या नव्या खात्यात जाणार, साहेबही भाताचे तज्ज्ञ म्हणून जाणार. नाही तर दोन्ही बुडीत.

आणि ऐन वेळी, रोपं तयार होत आलेली असताना, त्यांना इंदूरला बोलावणं आलं. यादीत त्यांची जागा कुठं बसते त्याची चौकशी होती. बारा दिवस. जाताना मला म्हणाले, "खाचरात पाणी उभं ठेवा, बाकी काही करू नका. मी आल्यावर लावणी करू."

सुपरिंटेंडेंटसाहेब वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सप्रे, कमिटी शास्त्र बघत नाही, रंग बघते. जे हिरवं दिसेल ते वाचेल." ते माझ्या डोक्यात बसलं. मला साहेब हवे होते भोपाळला. खरं सांगतो, त्या माणसाशिवाय नोकरी ही कल्पनाच मला नकोशी होती. आणि आम्हा मातीवाल्यांची एक खोड असते, वाईट जमीन दिसली की हात शिवशिवतात. माझ्या स्वतःच्या प्रयोगासाठी आलेलं जिप्सम गोदामात पडलं होतं. मी हिशेब केला. थोडंसं टाकू, जमीन जराशी हलकी होईल, साहेबांच्या ओळी जोमात येतील, साधी ओळ काय, ती मरेलच. गडीमाणसं हरियाली अमावास्येच्या, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेच्या, सुट्टीवर होती त्या दुपारी मी एकट्यानं ती पोती ऊसरात विस्कटली. बाभळीचं कुंपण सरकवताना काटे लागले ते मी मोठ्या अभिमानानं सोसले. काय तो शहाणपणा!

साहेब परत आले ते तडक स्टेशनवरून फार्मवर. बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा पाणी निवळ कसं?"

ऊसरातलं पाणी कधी निवळत नाही. माती त्यात विरघळल्यासारखी राहते, आठ-आठ दिवस गढूळ. जिप्सम पडलं की ती खाली बसते. हे मला ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक असेल हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, "कालव्याचंच निवळ येतंय."

"हं," ते म्हणाले, आणि आम्ही लावणी केली.

श्रावण गेला. खाचर असं काही हिरवं झालं की सुपरिंटेंडेंटसाहेबांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. मलखान नाचत सांगत होता, "साब, जा साल तो मरबे वारी भी जी गई!" मी धावत गेलो. साहेब साध्या भाताच्या एका ओळीशी उकिडवे बसले होते. जी ओळ मरायला हवी होती ती कंबरेएवढी होऊन डुलत होती. त्यांनी तिच्या पानावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, आनंदाचं. चाळीसच्या चाळीस ओळी हिरव्या, साध्याही हिरव्या. कोणत्या ओळीत गुण आहे आणि कोणत्या ओळीत नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मातीची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "जरा पीएच बघा." एरवी दहाच्या वर असायचा, आता साडेआठच्या आसपास होता. आकडा मी खरा दिला, तेवढी लाज शिल्लक होती. वर म्हणालो, "पाऊस जास्त झाला यंदा. खार धुतला गेला असेल." त्यांचा चेहरा बारीक झाला. मग पुडी खिशात घालून म्हणाले, "असेल."

कमिटी आली. कुंपणाबाहेर उभे राहून साहेबलोक खूश. त्यातले मुख्य होते ते जाडजूड, भल्या स्वभावाचे गृहस्थ. म्हणाले, "वाह, टेंबेजी! ऊसर में ऐसी फसल! रिपोर्ट में लिख दीजिए, प्रयोग सफल. भोपाल में ऐसे ही आदमी चाहिए."

साहेब म्हणाले, "लिख नहीं सकता, साहब."

"क्यों भई?"

"इस साल मामूली धान भी बच गया. ज़मीन बदल गई है. मेरे बीज ने कुछ किया या नहीं, इस फसल से पता नहीं चलता."

"ज़मीन कैसे बदल गई?"

मी तीन हातांवर उभा होतो. माझं नाव आता येणार, अशी वाट पाहत होतो. साहेब म्हणाले, "खेत मेरा था, जवाबदारी मेरी है." मुख्य गृहस्थांनी हळू आवाजात समजावलं की एवढं बारीक कोण बघतंय, साध्या भाताच्या ओळी उपटून टाका आणि मोकळे व्हा. साहेबांनी मान हलवली. आणि मी? तोंड उघडायला मला तीन वेळा संधी होती, मी बूट बघत राहिलो.

काम बंद झालं. चाळीस ओळींचं कापणीपर्यंतचं सगळं साहेबांनी मोजलं, रोजच्यासारखं, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. मला तेव्हा ते वेड्यासारखं वाटलं, निकालच लागणार नाही तर मोजायचं कशाला? नंतर दोन गाड्या चांगली माती पडली आणि क्वार्टर्सचे पाये खणले गेले. साहेब जादा ठरले, मग ग्वाल्हेरच्याच बियाणे-गोदामावर देखरेखीला बसवले गेले. आणि मी, जमीन सुधारणारा माणूस म्हणून, बढतीवर भोपाळला गेलो. स्टेशनवर ते पोचवायला आले होते. वहिनींनी दिलेला धपाट्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाले, "भोपाळची जमीन काळी, कसदार आहे, वैद्यबुवा. तुम्हाला आजारी माणसं शोधत हिंडावं लागेल." गाडी सुटल्यावर मी डब्याकडं बघू शकलो नाही.

साहेब थांबणाऱ्यातले नव्हते. बियाणं निम्मंच पेरायचं आणि निम्मं मडक्यात राखेत ठेवायचं, ही त्यांची शिस्त होती, म्हणून चाळीसही ओळींचं बी वाचलं होतं. दर रविवारी ते सायकल बसच्या टपावर टाकून कालव्याकाठच्या गावांत जायचे. शेतकऱ्यांकडं त्यांच्या शेतातला सगळ्यांत नालायक कोपरा मागायचे. लोकांना आधी वाटलं, या साहेबाचं डोकं फिरलंय. पुढं पुढं कोपरे राखून ठेवू लागले. "टेंबे साब, आपके लायक ज़मीन है हमारे पास, कुछ नहीं होता उसमें!" हे सगळं मला पोस्टकार्डांवरून कळायचं. त्यांची कार्डं तारेसारखी. "ओळ अठरा उभी आहे. तेहेतीस गेली. वहिनींचा नमस्कार." मी उत्तरात मुलांच्या शाळा, बदल्या, भोपाळचा पाऊस, असलं काहीबाही लिहायचो. जे लिहायचं ते लिहीत नव्हतो. दरवर्षी ठरवायचो, या दिवाळीला लिहू. अशा दहा दिवाळ्या गेल्या.

मग वहिनींचं पत्र आलं, यांना दम फार लागतो, तुमची आठवण काढतात. मी लगेच निघालो. दाना ओलीतला तो जिना चढलो. सकाळचे दहा-साडेदहा असतील. साहेब खिडकीशी लोडाला टेकून बसले होते. अंगात काही उरलं नव्हतं, आवाज मात्र तोच. "या वैद्यबुवा! उशीर केलात." तब्येतीचं विचारू लागलो तर हातानंच उडवून लावलं. बाहेरच्या एका शेतकी कॉलेजातल्या तरुण प्राध्यापकानं त्यांचं बियाणं आणि सगळ्या नोंदी मागवल्या होत्या. तो ते काम पुढं नेणार होता. त्या आनंदात ते आजार विसरले होते.

त्यांनी माझ्या मांडीवर एक मोठा तक्ता पसरला. डावीकडं चाळीस ओळी, पुढं वर्षं. गावोगावच्या ऊसरातले आकडे. सात ओळी दरसाल, सगळीकडं, शेवटच्या रोपापर्यंत उभ्या. उजवीकडं एक वेगळा रकाना होता, छप्पन सालचा. प्रत्येक ओळीची उंची, फुटवे, लोंब्या.

"हा ठेवलात?" मी विचारलं. "हा तर बिघडलेला हंगाम."

"तेच तर सांगायला बोलावलं!" ते सरसावून बसले, मग खोकला आला, वहिनी धावल्या. पाणी पिऊन पुन्हा सुरू. "हे बघा. सुधारलेल्या जमिनीत या सात ओळी साध्या भातापेक्षा कांकणभरही सरस नाहीत. उलट दोन तर मागंच आहेत. म्हणजे हा भात दांडगा आहे म्हणून ऊसरात जगतो, असं नाही. त्याचा गुण खारापुरताच आहे, खार आला की जागा होतो. कुणी शंका काढली असती, टेंबे, तुमचं रोप मुळातच जोमदार असेल, तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ही बाजू तपासायचं मला सुचलंच नव्हतं हो! ती तुमच्यामुळं आली."

तुमच्यामुळं. ते इतक्या सहज म्हणाले की मला आधी कळलंच नाही. मग मी त्या रकान्याच्या माथ्याकडं पाहिलं. तिथं त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जमीन सुधारून घेतलेली. जिप्सम', आणि पुढं कोरी जागा, 'पोती'. खाली, 'टाकल्याचा दिवस', कोरी जागा. 'टाकणारा', कोरी जागा. बाकी त्या सबंध तक्त्यात एक घर रिकामं नव्हतं.

"तुम्हाला केव्हा कळलं?" मी विचारलं.

"पाणी निवळ दिसलं तेव्हाच."

"मग तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं की. दोनदा."

मी रडलो. वहिनी समोर होत्या, तरी रडलो. म्हाताऱ्या बापासमोर रडावं तसा. साहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तुम्ही तिसऱ्यांदा थाप मारली असतीत, आणि मग या घराचा जिना पुन्हा चढला नसतात. मला ते परवडणारं नव्हतं." आणि दौत-टाक माझ्यापुढं सरकवला.

मी 'हरियाली अमावास्या, दुपारी' असं लिहिलं. माझं पूर्ण नाव लिहिलं. पोत्यांच्या जागी सात लिहिलं. ती आमची शेवटची भेट, त्या थंडीतच ते गेले. शाई वाळायच्या आत त्यांनी तक्ता ओढून घेतला, चष्मा वर करून तो आकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि एकदम माझ्याकडं वळले.

"सात? मी तर पाच धरून चाललो होतो! बरं झालं, मी भरलं नाही."